झाडं छाटणी-तोडणीचा धंदा: आधी गाडी घ्यावी की मशिनरी? (जळगाव-धुळे भाग)

गिरणाकाठ

राम राम मंडळी. मी भडगाव तालुक्यातला. पुण्यात चार वर्षं झाडं छाटणाऱ्या एका ठेकेदाराकडे होतो, झाडावर चढणं आणि कटर मशीन चालवणं तिथंच शिकलो. आता घरी परत आलोय आणि हेच काम इकडे स्वतःचं करायचं ठरवलंय. वैशाखात वळवाचं वादळ झालं तेव्हा आमच्या गल्लीतला कडुनिंब एका घराच्या पत्र्यावर आडवा झाला. दोन दिवस कोणी हात लावेना, शेवटी मीच गावातल्या दोन पोरांना घेऊन तो मोकळा केला. तेव्हापासून चाळीसगाव, पाचोरा, पारोळ्यापर्यंतचे फोन येताहेत.

हाताशी साडेसात लाख आहेत, त्यातले चार कर्जाचे. ४५ सीसीचं एक जुनं कटर मशीन आहे. चाळीसगावला एक जुनी ४०७ बघून ठेवलीय, ती घेतली तर जवळपास सगळे पैसे गाडीतच जातात. दुसरा विचार असा की भाड्याच्या गाडीवर भागवावं आणि चांगली मशिनरी घ्यावी. फांद्यांचा भुगा करणारं चिपर मशीन घ्यायचंही डोक्यात आहे. या कामातल्या लोकांनी खरं काय ते सांगा. चूक झाली तर घरच्यांना तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

पांझराकाठ

भाऊ, मी धुळ्याला अकरा वर्षं हेच काम करतो. आधी एक काम कर. मागच्या पाच कामांचे तास कागदावर लिहून काढ. तोडायला किती, खाली तुकडे करायला किती, फांद्या ओढत गेटपर्यंत न्यायला किती, गाडी भरून रिकामी करून यायला किती. मी दुसऱ्या वर्षी हे लिहिलं तेव्हा डोळे उघडले. बंगल्याच्या आवारातल्या एका मध्यम कडुनिंबाला तोडायचे तीन तास आणि फांद्या हलवायचे साडेसहा तास. गिऱ्हाईक पैसे देतं ते झाड तोडल्याचे, आपली मजुरी जाते फांद्या उचलण्यात. माझे वडील म्हणायचे, "झाड तोडनं सोपं शे, फांद्या उचलनं कठीन शे."

म्हणून गाडी निवडताना टन बघू नकोस, आधी जागा बघ. फांद्यांनी गाडी वजनाच्या कितीतरी आधी भरते. छोटा हत्ती पाऊण टन घेतो म्हणतात, पण त्यात कडुनिंबाच्या फांद्या घातल्या तर दोनशे-अडीचशे किलोलाच वरून लोंबायला लागतात. मी तीन वर्षं त्यावर काढली. एका झाडाला चार-पाच फेऱ्या व्हायच्या आणि डिझेल, वेळ, माणसं सगळं त्यातच जायचं.

माझ्या मते तुझ्यासाठी जुनी पण धडधाकट पिकअप बरी. मागचा हौदा साधारण नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद असतो. त्यावर कपाशी वाहणाऱ्या गाड्यांना लावतात तसला उंच जाळीचा पिंजरा बनवून घे. आपल्याकडे कुठलाही वेल्डिंगवाला तो डोळे झाकून बनवतो. सहा फूट उंच पिंजरा धरला तर जवळपास तीनशे घनफूट जागा होते. फाळका मात्र पूर्ण उघडणारा ठेव, नाहीतर भरलेली फांदी बाहेर काढताना पोरांचे हात सोलवटतात.

आता यातला धोका ऐक. पिंजरा फांद्यांसाठी आहे, ओंडक्यांसाठी नाही. ओलं लाकूड पाण्याइतकं जड धर, म्हणजे एक घनमीटरला एक टन. त्याच हौद्यात ओंडके रचले तर मधल्या फटी सोडूनही दीड फुटाच्या थराला सव्वा टनाच्या पुढे वजन जातं. माझ्या एका पोरानं पिंजरा निम्मा चिंचेच्या ओंडक्यांनी भरला होता. लळिंगच्या घाटात मागचं टायर फुटलं. गाडी कडेला घेता आली म्हणून वाचलो. तेव्हापासून हौद्याच्या आतून दीड फुटावर लाल पट्टी मारली आहे. ओंडके त्या पट्टीच्या वर गेले की ती फेरी तिथंच संपली.

केळीबाग

मी रावेर तालुक्यातून. माझा व्यवसाय केळीचा, झाडतोडीचा नाही, पण बांधावरची झाडं दरवर्षी छाटून घेतो म्हणून लिहितो. वरच्या दादांचं शहरासाठी बरोबर आहे. शेतात मात्र पिकअप फसते. आमची तापीकाठची काळी माती एक सर पडली की मागची चाकं फिरत जागच्या जागी खाली जातात. गेल्या जूनमध्ये छाटणीवाल्यांची गाडी माझ्या बांधावर आसापर्यंत रुतली. ट्रॅक्टरनं ओढून काढली तेव्हा तिच्या चाकाखालची ठिबकची नळी तीन ठिकाणी तुटली. भरपाई कोणी मागितली नाही, पण मन खट्टू झालं.

शेतातलं काम घेणार असशील तर आधीच बोलून घे की ट्रॅक्टर-ट्रॉली शेतकऱ्यानं द्यायची. आमच्याकडे दर दुसऱ्या घरी ट्रॅक्टर आहे, तुला विकत घ्यायची गरज नाही. आणि फांद्यांचा भुगा झाला तर तो गाडीत भरून नेऊच नकोस. आम्हाला केळीच्या बुडाशी पसरायला हवाच असतो. उन्हाळ्यात ओल टिकते, तण दबतं. फक्त खोडाला चिकटून ढीग घालायचा नाही.

गिरणाकाठ

@पांझराकाठ दादा, काल रात्री बसून तास लिहिले. सहा कामं. तोडणी १९ तास, बाकी सगळं मिळून ४१. अंदाज होता, पण एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं. मग चिपरच आधी घ्यावा का? म्हणजे फेऱ्याच वाचतील.

पांझराकाठ

चिपरनं फेऱ्या खूप कमी होतात हे खरं. पण पहिल्या वर्षी घेऊ नकोस. कारणं सांगतो.

आपल्या भागात परवडतो तो ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारा. पीटीओचे फेरे मिनिटाला ५४०. ४५ एचपीचा ट्रॅक्टर असेल तर पीटीओला साधारण ३८-४० एचपी मिळतात, तेवढ्यावर चार-पाच इंचांची फांदी नीट जाते. विकणारा सहा-सात इंच सांगेल. सुकलेली बाभूळ किंवा चिंच घालून बघ, मगच पैसे दे. डेमोला तो शेवग्याच्या फांद्या घालून दाखवतो, त्या कुठल्याही मशीनमध्ये जातात. नारळाच्या झावळ्या, केळीची खोडं असलं तंतुमय काही घातलं तर ते रोटरला गुंडाळून बसतं आणि अर्धा दिवस सुरीनं कापत बसावं लागतं. पाती दर थोड्या दिवसांनी धार लावायला काढावी लागतात, त्यामुळे पात्यांचे दोन संच हवेतच. तीन-पॉइंटवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या तीन दांड्यांवर उचलला जाणारा घे. वेगळ्या चाकांवर ओढत न्यायचा घेतला तर त्याच्या नोंदणीचं काम मागे लागतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. आपली माणसं उन्हामुळे गळ्यात रुमाल, उपरणं टाकून काम करतात. एका कामावर माझा माणूस चिपरच्या तोंडात बोरीची फांदी सरकवत होता. बोरीचे काटे उलटे असतात. त्याच्या उपरण्याचं टोक काट्याला अडकलं, रोलरनं फांदी आत ओढली आणि फांदीबरोबर त्याची मान खाली जायला लागली. मी लाल दांड्याच्या बाजूला उभा होतो, तो ढकलला आणि मशीन थांबलं. उपरण्याला गळ्याशी पीळ बसला होता, कात्रीनं कापून काढावं लागलं. माणूस धडधाकट आहे, पण त्या दिवसानंतर महिनाभर मला झोप लागत नव्हती. बंद करायचा दांडा ज्या मशीनला तोंडाशी नाही ते फुकट मिळालं तरी घेऊ नकोस. आणि मशीनजवळ उपरणं, सैल बाही, हातातलं कडं काही नको. डोक्याला ऊन लागतं म्हणून हेल्मेटच्या आत पातळ कापडी टोपी घालायला दे.

पहिलं वर्ष भाड्यानं आण. काम किती मिळतं ते बघ.

दोरावरचा

मी तळोद्याचा, सध्या पुण्यात सोसायट्यांची झाडं दोरावर चढून छाटतो. गाडी आणि चिपरवर एवढी चर्चा झाली, पण @गिरणाकाठ भाऊ, तू झाडावर कशानं चढतोस ते लिहिलंच नाहीस. साडेसात लाखांतले पहिले पैसे तिथं जायला हवेत.

हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), १३ मिलिमीटरचा झाडावर चढण्यासाठीचा, वजनानं कमी लांबणारा दोर, आणि कमरेला आत पोलादी तार असलेला आडवा पट्टा. मशीन चालू असताना दोर आणि पट्टा दोन्ही बांधलेले हवेत, म्हणजे एक चुकून कापला गेला तरी दुसरा धरतो. बाजारातला निळा-पिवळा नायलॉनचा दोर ट्रॉलीवर कपाशी बांधायला ठीक आहे, त्यावर माणूस लटकवायचा नाही. आणि ज्या दोरानं ओंडका खाली सोडला तो दोर कधीही स्वतःला बांधू नकोस. दोन दोरांचे रंगच वेगळे ठेव.

ओंडका खाली सोडण्याचं गणित मी नवीन पोरांना जमिनीवर काठीनं आखून शिकवतो. ४० सेंटिमीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा तुकडा साधारण एक अष्टमांश घनमीटर भरतो. ओला असेल तर सव्वाशे किलो. जाडी ६० सेंटिमीटर झाली की तोच एक मीटरचा तुकडा पावणेतीनशे किलोच्या पुढे जातो. दीडपट जाडी, पण वजन सव्वादोनपट. वरून बघताना डोळ्याला हे कळत नाही. आणि तुकडा मीटरभर मोकळा पडून मग दोरावर आला तर झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट बसतो. म्हणून दोराच्या तुटण्याच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याइतकंच वजन धरायचं आणि खाली खोडाला दोन-तीन वेढे देऊन दोर सरकू द्यायचा. गच्च धरून ठेवला तर फांदीच उन्मळून माणसासकट खाली येते.

चेनसॉच्या, म्हणजे कटर मशीनच्या कामाच्या पँटचंही सांगतो. कापताना अडवणारे धागे आत असलेली पँट साखळीच्या वेगानुसार येते. पहिला वर्ग सेकंदाला २० मीटरचा, दुसरा २४ चा. आपल्या ४४-४५ अंशांत ती अंगाला चिकटते हे मान्य. मी एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेपाचला चढतो आणि अकराला खाली उतरतो. दुपारी फक्त जमिनीवरचं काम, तेही सावलीत. पुढून बांधायची चॅप्स मिळतात, जमिनीवरच्या माणसाला ती चालतात आणि थोडी थंड असतात.

कार्बोरेटर

अमळनेरला कटर मशीनची दुरुस्ती करतो. मशीनचं मी सांगतो.

तुझं ४५ सीसीचं जमिनीवर तुकडे करायला ठेव, १६ इंची पट्टीवर (साखळी जिच्यावर फिरते ती) ते छान चालतं. त्याला २२ इंची पट्टी लावून मोठ्या चिंचेवर नेऊ नकोस. असली जळालेली मशीन महिन्याला दोन-तीन तरी माझ्याकडे येतात. बुंध्यासाठी ७० सीसीच्या आसपासचं एक घे. स्टिलचं ३८२ हे ७२ सीसीचं मॉडेल आपल्याकडे बरंच चालतं, सुटे भाग सहज मिळतात. हुस्क्वार्नाचं ३६५ पण त्याच कामाचं. झाडावर चढून वापरायला वरच्या दांड्याचं ३० ते ३५ सीसीचं हलकं मशीन वेगळं लागतं, पण ज्याला शिकवलंय त्याच्याच हातात दे. ते एका हातानं धरायचा मोह होतो आणि पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कुठं टेकला की मशीन सरळ तोंडाकडे उसळतं. सेकंडहँड घेताना पुढचा ब्रेक ढकलून साखळी तिथल्या तिथं थांबते का ते आधी बघ. बाकी सगळं नंतर.

पेट्रोलमध्ये दोन-स्ट्रोकचं चांगलं तेल घालणार असशील तर लिटरला २० मिली, म्हणजे पाच लिटरला १००. अंदाजे बुचानं ओतू नकोस, मापाची बाटली ठेव. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. मशीन पंधरा दिवस बंद राहणार असेल तर टाकी रिकामी कर आणि जागेवर बंद पडेपर्यंत चालव, नाहीतर कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक होतो. साखळीला गाडीचं जळकं ऑइल टाकतात, ते बंद कर. त्यातला धातूचा कीस पट्टी खातो, आणि ते उडून अंगावर, कपड्यांवर बसतं ते वेगळंच.

धार. भाऊ, धारेवर सगळं आहे. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की साखळी बोथट झाली. धार असली की लाकडाच्या चकत्या पडतात. ४५ सीसीच्या मशीनवर बहुधा पॉइंट ३२५ इंच मापाची साखळी असते, तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस. मोठ्या मशीनच्या थ्री-एट (३/८ इंच) साखळीला ५.२ ची. ३० अंशांचा कोन धरायचा आणि प्रत्येक दाताला सारखेच घास. रस्त्याकडेच्या कडुनिंबात पाट्यांचे खिळे असतात, कधी जुनी काटेरी तार खोडानं गिळलेली असते. बुंध्याला हात लावून गाठ, निळसर-काळा डाग बघ. लाकडात तसा डाग दिसला की आत लोखंड असण्याची शक्यता मोठी. अशा कामाला जुनी साखळी लाव.

निवृत्त_लाइनमन

बत्तीस वर्षं तारांवर काम केलं. तुमच्या यादीत एकही माणूस तारांबद्दल बोलला नाही म्हणून लिहितोय.

अॅल्युमिनियमची शिडी आणि अॅल्युमिनियमच्या दांड्याची लांब करवत तारेजवळ न्यायची नाही. ओली फांदीसुद्धा वीज वाहून आणते, मग तार ११ हजार व्होल्टची असो की घराकडे जाणारी. तार लागून असलेलं झाड असेल तर महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा, लाइन बंद करून घ्यायची आणि त्यांच्या माणसानं दोन्ही बाजूंनी अर्थिंग लावल्याचं, म्हणजे तार जमिनीशी जोडल्याचं डोळ्यांनी बघायचं. मगच हात लावायचा.

शेतात हमखास होणारी चूक सांगतो. "आत्ता आमची शेतीची लाइन रात्रीची आहे, दिवसा तार मेलेली असते" असं शेतकरी सांगतो आणि आपण विश्वास ठेवतो. वेळापत्रक म्हणजे परवानगी नाही. मधेच वीज सोडली जाते. कोणाच्या जनरेटरमधून उलटी येते. एका खांबावर दोन लाइनी असतात आणि बंद असते ती एकच. मी दोन माणसं अशी खाली उतरवली आहेत. ती जिवंत नव्हती.

निंबोणी

वनस्पतिशास्त्र शिकवते, जळगावला. अवजारांतलं मला कळत नाही, पण एक-दोन गोष्टी नोंदवते. शहरात झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष धरली जातात. गावाकडे १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, त्यातल्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह अशी झाडं येतात. सागाचं लाकूड हलवायचं तर वन खात्याचा वाहतूक पास हवा. परवानगीचा कागद मालकाच्या नावानं असतो, त्याची प्रत गाडीत ठेवा.

आणि पावसाळ्यात चिंचेवर बगळे-ढोकरींची वसाहत असेल तर काम पुढे ढकला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घरटी आणि अंडी नष्ट करणं शिकारीतच मोजलं आहे. आग्या मोहोळ आहे का तेही दुर्बिणीनं आधी बघा, मशीनच्या आवाजानं आणि धुरानं ते उठतं. आणि कृपा करून फांदी खोडाला घासून कापू नका. जोडाशी जो फुगीर कडा असतो, त्याच्या बाहेरून कापलं तरच जखम भरते. आधी खालून थोडं, मग वरून, शेवटी उरलेला खुंट. एवढंच करा, झाडं तुमचे उपकार मानतील.

पिवळी_पाटी

गाडीच्या कागदांचं थोडक्यात. पिकअप व्यवसायाची, म्हणजे पिवळ्या पाटीची घे. शेतीच्या नावावरच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीनं भाड्याचं काम करशील तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. लायसन्सची काळजी नको. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. पोरांचा विमा मात्र पहिल्या दिवसापासून काढ. बँकेतून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा सुरक्षा बीमा होतो, तो तरी प्रत्येकाचा हवाच. त्याच्या वर मजुरांचा वेगळा घे.

गिरणाकाठ

मंडळी, सहा आठवडे झाले, म्हणून काय केलं ते लिहितो.

४०७ सोडली. जुनी पिकअप घेतली, कागद पिवळ्या पाटीचे. चाळीसगावला कपाशीचा पिंजरा बनवून घेतला. जाळी फाळक्यासकट मागून पूर्ण उघडते, आणि आतून दीड फुटावर लाल पट्टी मारली आहे. ७२ सीसीचं मशीन घेतलं. हार्नेस, दोन रंगांचे दोर, पोलादी तारेचा पट्टा, तिघांना हेल्मेट आणि पँटी हे सगळं पुण्याहून आणलं. बायकोनं पँटीची किंमत बघितली आणि काहीच बोलली नाही. मग रात्री म्हणाली, पोरांच्या आयांना पण एकदा दाखव. दाखवली. त्या दिवसापासून दोघांच्या घरून कामाला नाही म्हणत नाहीत.

चिपर घेतला नाही. पाचोऱ्याच्या एका कामाला भाड्यानं आणला आणि भुगा शेजारच्या केळीवाल्यालाच दिला. @केळीबाग दादा, तुमचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं, तो पुढच्या वेळी वाट बघतो म्हणाला. हिरवा पाला बकऱ्यावाले नेतात, जाड लाकूड वखारीत जातं. आता एका कडुनिंबाला दोन फेऱ्या पुरतात.

एक चूक झाली ती पण सांगतो. एरंडोल रस्त्याला एका जुन्या निंबाचा बुंधा कापताना निळा डाग दिसला, तरी घाईत तीच नवी साखळी चालवली. आत बोटाएवढा खिळा होता. एका बाजूचे नऊ दात गेले. @कार्बोरेटर दादा, संध्याकाळी दोन तास कानस घेऊन बसलो, पण आता मशीन सरळ न जाता डावीकडे ओढतं. दात सारखे नाही झाले बहुतेक. साखळी घेऊन उद्या तुमच्याकडे येऊ का? परवा पारोळ्याला शाळेच्या आवारातली चिंच आहे, परवानगी आलीय, लाइन दुपारी दोनपर्यंत बंद मिळणार आहे.

कार्बोरेटर

ये. सकाळी नऊच्या आत ये, पट्टी पण घेऊन ये. ओढतंय म्हणजे पट्टीचीही एक कड उंच राहिली असेल, ती घासून देतो.

निवृत्त_लाइनमन

दोनपर्यंत म्हणजे दीडला खाली उतर. आणि अर्थिंग काढायच्या आधी माणसं मोज.